उन्हाच्या माथी मारलेला दोष: गुलमंडीत उकळणारी जुनी जीप

मोकळ्या रस्त्यावर वेगात तापणारे इंजिन आणि गर्दीत रांगताना तापणारे इंजिन यांचे विकार वेगळे असतात, उपायही वेगळे. जुन्या पेट्रोल जीपच्या बाबतीत हा फरक सहसा कोणी लक्षात घेत नाही. छत्रपती संभाजीनगरात अशा जीप अजून फिरतात. काहींची मालक हौसेने निगा राखतात, काही वरातीला नि मिरवणुकीला जातात. पैठण गेटाकडून टिळकपथाने गुलमंडीत शिरले की हातगाड्या, रिक्षा, दुचाक्या आणि खरेदीला आलेली माणसे यांच्यातून जीप पायी चालणाऱ्याच्या वेगाने सरकते. पाण्याचा काटा वर चढत जातो आणि बॉनेटखालून वाफ निघू लागते. त्यावर निदान ठरलेले असते: गाडी थंड मुलखासाठी बनलेली, मराठवाड्याच्या उन्हात ती तापणारच. उपायही ठरलेले असतात. थर्मोस्टॅट काढून टाका, मोठा रेडिएटर बसवा, मारुतीचा विजेचा पंखा लावा. हे निदान चुकीचे आहे आणि त्यावर बेतलेले उपाय बहुतेक वेळा खरा दोष झाकून ठेवण्यापलीकडे काही करीत नाहीत.

ही जीप मुळातच जुळणीची गाडी आहे. विलीज कंपनीकडून सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने मुंबईत येत आणि महिंद्र कंपनी माझगावात त्यांची जुळणी करीत असे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू झाले. विलीजने १९५३ साली बाजारात आणलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप पुढे परवान्याखाली देशातच बनू लागली. तिच्या ‘हरिकेन’ इंजिनाची क्षमता सुमारे २.२ लिटर. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी त्याची जरा विचित्र रचना आहे. हेड उंच झाले म्हणून बॉनेट उंच करावे लागले. जळालेला वायू ब्लॉकमधल्या मार्गानेच बाहेर पडत असल्यामुळे भोवतीच्या पाण्याला बरीच उष्णता मिळते, हे खरे. पण कारखान्याने रेडिएटर, पंखा आणि पंप ठरवले ते ही उष्णता धरूनच.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या जीपची मात्र दुसरी जुळणी झालेली असते. लष्कराच्या किंवा सरकारी खात्याच्या लिलावातून चासी येते, जुन्या बाजारातून इंजिन येते, रेडिएटर तिसऱ्याच गाडीचा, पंखा हाताशी होता तो आणि झाकण कुठल्याशा टेम्पोचे. गाडी सुरू होते, धावते, देखणीही दिसते. तापण्याचे मूळ बहुधा या दुसऱ्या जुळणीत असते आणि उन्हाला दोष दिला की तिकडे बघण्याची गरजच उरत नाही.

आधी उन्हाचाच हिशेब करावा. जाळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा पाण्यात जातो, उरलेली ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि इंजिनाच्या अंगातून निघून जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने, लिटरला ८ किलोमीटर देत धावणारी जीप तासाला साडेसात लिटर पेट्रोल जाळते. लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे पाण्यात जाणारी उष्णता २२ किलोवॅटच्या घरात गेली. हीच जीप गुलमंडीत आयडलवर रेंगाळताना तासाला लिटरभर पेट्रोल घेते, त्यामुळे पाण्यात जाणारी उष्णता ३ किलोवॅटच्या आसपास राहते. मंद गतीत पाण्याचा वाटा थोडा वाढतो, म्हणून ४ धरावी. मोकळ्या जालना रोडवर २२ किलोवॅट उष्णता निमूटपणे बाहेर टाकणारा रेडिएटर गुलमंडीत ४ किलोवॅटला हात टेकतो. ऊन दोन्हीकडे तेच आहे. उन्हानेच गाडी उकळत असती तर ती जालना रोडवर आधी उकळली असती.

उन्हाचा काहीच परिणाम होत नाही, असा याचा अर्थ नाही. रेडिएटरची ताकद पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. पाणी ८५ अंशांवर आणि हवा ३५ वर असेल तर फरक ५० चा. वैशाखात हवा ४२ ला गेली की तो ४३ चा होतो, म्हणजे ताकद सातव्या हिश्शाने घटली. गर्दीत पुढच्या रिक्षेचा धूर आणि तापलेले डांबर यांच्यामुळे जाळीसमोरची हवा ५० अंशांची झाली असे धरले, तरी फरक ३५ चा राहतो आणि ३५ अंशांच्या दिवसाच्या मानाने ७० टक्के ताकद शिल्लक असते. उष्णता मात्र पाचव्या हिश्शावर आलेली असते. या हिशेबात ऊन दोषी ठरत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच असल्यामुळे इथे उघडे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळते. हे दोन अंश पुढे झाकणाच्या संदर्भात मोजावे लागतात, पण तेही उकळण्याचे कारण होत नाहीत.

थंड मुलखाची गाडी, हा दावा तर इतिहासालाच धरून नाही. हरिकेनची थोरली बहीण असलेली जुनी विलीज जीप १९४२ साली ईजिप्त आणि लीबियाच्या वाळवंटात ब्रिटिशांच्या एसएएस तुकडीने पाणी, पेट्रोल आणि मशीनगन लादून चालवली. दोन्ही इंजिनांचा बोअर आणि स्ट्रोक सारखाच. त्या तुकडीने गाड्यांत फेरफार केले, हे प्रतिपक्ष हटकून सांगतो. पण कोणते, हे बघावे. पुढच्या जाळीच्या काही पट्ट्या कापून हवेला वाट मोठी केली आणि रेडिएटरच्या नळीतून बाहेर पडणारी वाफ एका डब्यात पकडून, थंड करून, पुन्हा आत घेण्याची सोय केली. एक फेरफार हवेसाठी आणि दुसरा पाणी वाया न जावे म्हणून. गुलमंडीतल्या दुखण्याचीही हीच दोन टोके आहेत.

पहिले टोक हवेचे. वेगात हवा आपणहून आत येते, गर्दीत ती फक्त पंखा ओढतो. ४ किलोवॅट उष्णता वाहून न्यायला, हवा २५ अंशांनी तापते असे धरले, तर सेकंदाला दीडशे लिटरच्या आसपास हवा लागते. नीट बसवलेल्या पंख्याला ही मोठी मागणी नव्हे. नीट बसवलेला असणे मात्र दुर्मीळ. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे, म्हणजे श्राउड, पंप बदलताना आड येते म्हणून काढले जाते आणि परत बसत नाही. ते नसले की पात्यांच्या टोकांवरून हवा मागून पुढे वळते आणि पंखा तीच तापलेली हवा घुसळत राहतो. पंखा रेडिएटरपासून चार बोटे दूर असेल तर तो कोअरच्या, म्हणजे रेडिएटरमधल्या नळ्यांच्या गाभ्याच्या, मधल्या गोल भागातूनच थोडी हवा ओढतो, चारही कोपरे कोरडे राहतात. पाती कोअरपासून इंचभर अंतरावर आणि निम्मी श्राउडच्या आत असावीत. पंखा उलटा बसवलेलाही सापडतो. तो हवा ओढतो खरी, पण पात्यांची वळणे उलटी पडल्यामुळे फार थोडी. ढिला बेल्ट आयडलवर घसरतो आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही असल्याने एकाच ढिलाईत हवा आणि पाणी दोन्ही मंदावतात.

हवा आत येण्याची वाटही तपासावी. सीजेच्या तोंडाला सात उभ्या फटी असतात. त्यांच्यापुढे दोन भोंगे, जादा दिवे, मोठी नंबरप्लेट आणि एखादी नावाची पाटी लागली की निम्मी वाट तिथेच बंद होते. वरातीच्या दिवशी त्यावर झेंडूच्या माळा येतात, त्या दाट गुंफलेल्या असतात आणि थेट जाळीवर सोडलेल्या असतात. नवरदेवाची जीप सुपारी हनुमानाच्या आसपास वाजंत्र्यांच्या मागे अर्धा-पाऊण तास एकाच गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, इंचाइंचाने सरकते. तिला हवा येते ती फुलांच्या पाकळ्यांतून गाळून. अशी जीप उकळली तर त्यात उन्हाचा काय संबंध? अनेक वराती तर सूर्य मावळल्यावर निघतात. माळा बॉनेटवर नि काचेवर बांधाव्यात, जाळी मोकळी ठेवावी, एवढाच त्याला उपाय.

विजेच्या पंख्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. लहान मोटारीचा पंखा १२ व्होल्टवर ७ ते १० अँपिअर घेतो. ज्या जीपला अजून जुना डायनॅमो आहे, तिचा डायनॅमो आयडलवर जवळपास काहीच वीज देत नाही. पंख्याची गरज गर्दीतच लागते आणि नेमकी तेव्हाच त्याची वीज बॅटरीतून जाते. वाफ थांबते, पण वरात संपल्यावर स्टार्टर फिरत नाही. आधी अल्टरनेटर बसवून मग पंखा लावला तर ते समजण्यासारखे आहे. श्राउड नसलेल्या, सैल बेल्टच्या पंख्याच्या जोडीला दुसरा पंखा लावणे हा मात्र दोष जपण्याचा खर्चीक मार्ग झाला.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप. तो काढण्याच्या बाजूने सांगितले जाते की पाण्याच्या वाटेतला अडथळा गेला की इंजिन थंड राहते. त्याला विरोध करणारे पुस्तकी लोक सांगतात की थर्मोस्टॅट नसला तर पाणी रेडिएटरमधून इतक्या जोरात जाते की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. दोन्ही म्हणणी चूक आहेत आणि दुसरे म्हणणे अधिक हट्टाने मांडले जाते, म्हणून त्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. पाणी बंद फेऱ्यात फिरते. ते दुप्पट वेगाने गेले तर रेडिएटरमधला त्याचा मुक्काम निम्मा होतो, पण त्याच तासात त्याच्या फेऱ्या दुप्पट होतात. एकूण वेळ तोच राहतो. उलट वेगामुळे रेडिएटरच्या खालच्या टोकालाही पाणी गरम राहते आणि हवेशी असलेला सरासरी फरक वाढतो, म्हणजे उष्णता थोडी जास्तच बाहेर पडते. पाण्याला थंड व्हायला वेळ द्यायचा असता तर पंप बंद ठेवणे हा सर्वांत उत्तम उपाय ठरला असता.

तरीही थर्मोस्टॅट काढू नये, याची कारणे वेगळी आहेत. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्या सुमारास उघडायला लागतो आणि ९५ च्या आत पूर्ण उघडतो. उकळीच्या वेळी तो उघडाच असतो, तेव्हा त्याला काढून काय साधले? तो काढल्यामुळे गाडी तापायला पाच-दहा मिनिटे अधिक लागतात, एवढाच फरक, आणि या उशिरालाच लोक उपाय समजतात. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो आणि तापणे वाढते. थर्मोस्टॅटच्या थोड्याशा अडथळ्यामुळे ब्लॉकमधल्या पाण्यावर पंपाचा दाब राहतो. तो दाब एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीभोवती वाफेचे बुडबुडे धरू देत नाही. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेल्या इंजिनाला याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण तडा जातो तो तिथेच, बैठकीपासून सिलिंडरकडे. हिवाळ्यात शहरातली पहाट दहा-बारा अंशांची असते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन त्या दिवसांत ५० अंशांच्या पुढे सरकायला फार वेळ घेते, न जळालेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि सिलिंडर झिजतात. थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय असेल तर तो दोरीने पातेल्यातल्या पाण्यात लटकवावा, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे आणि कितीला उघडतो ते बघावे. न उघडणारा बदलावा. त्याची किंमत हेडच्या कामापुढे नगण्य आहे.

दुसरे टोक पाण्याचे. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेले बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि नळाला रोज पाणी येत नसलेल्या शहरात रेडिएटरमध्येही तेच जाते. बोअरच्या पाण्याने इंजिन खराब होते, असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार धरले तर जीपच्या ११ लिटर पाण्यात साडेपाच ग्रॅम क्षार झाले. एकदा भरलेल्या पाण्याचा एवढा गाळ कुठल्याही ब्लॉकला जड नाही. घात होतो तो रोजच्या टॉप-अपने. वाफ होऊन लिटरभर पाणी रोज उडत असेल आणि तेवढेच वर ओतले जात असेल, तर पाणी जाते पण क्षार मागे राहतात. वर्षभरात जवळपास १८० ग्रॅम. ते सगळे सर्वांत गरम भिंतींवर बसतात, म्हणजे परत त्याच एग्झॉस्टच्या भोवती. क्षारांचा एक मिलिमीटरचा थर उष्णतेला अडवण्यात पंचवीस-तीस मिलिमीटर बिडाच्या भिंतीची बरोबरी करतो. अशा ब्लॉकला बाहेरून कितीही मोठा रेडिएटर लावला तरी आतली भिंत तापलेलीच राहते, काटा मात्र शहाण्यासारखा ८५ वर उभा. त्या काट्यावर विसंबणाऱ्याचे हेड गॅस्केट आधी जाते.

म्हणून आधी पाणी कुठून उडते ते शोधावे लागते आणि बहुधा उत्तर झाकणात सापडते. जीपच्या झाकणाचा दाब दर चौरस इंचाला पौंडांत मोजतात. ७ पौंडांच्या झाकणाने उकळबिंदू सुमारे ११-१२ अंशांनी वर जातो, म्हणजे या शहरात ९८ वरून ११० च्या आसपास. रबर कडक झालेले किंवा स्प्रिंग मऊ पडलेले झाकण हा सारा फायदा घालवते आणि पाणी नळीवाटे रस्त्यावर जाते. मालक पुन्हा पाणी ओततो आणि क्षारांचे खाते वाढते. दुसऱ्या टोकाला जाऊन आधुनिक मोटारीचे १३-१५ पौंडांचे झाकण लावणे जुन्या डाग दिलेल्या पितळी टाकीला सोसत नाही. सांधे उघडतात. मूळ दाबाचेच झाकण लावावे आणि ओव्हरफ्लोची नळी एका बाटलीत सोडावी, म्हणजे वाळवंटातल्या त्या डब्याचेच काम गुलमंडीत होते. पाणी परत आत ओढले जावे असे वाटत असेल तर झाकण तशा प्रकारचे, वरही रबराने बंद होणारे घ्यावे लागते.

कूलंट घातले की गाडी थंड राहते, हा समज जाहिरातींनी पक्का केला आहे. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी यांचे मिश्रण निव्वळ पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहते. साधारण सातवा हिस्सा कमी. त्याचा फायदा आहे तो उकळबिंदू काही अंश वर जाण्यात आणि त्याहून जास्त गंज न धरण्यात. मराठवाड्यात पाणी गोठत नाही, म्हणून निम्म्या मिश्रणाचा हट्ट अनावश्यक आहे. एक तृतीयांश कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड पाणी पुरते. गंजरोधक नसलेल्या नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने बीड गंजते, ते टाळावे. आधीच थर बसलेल्या इंजिनात कूलंट ओतून काही निघत नाही. तो थर सौम्य आम्लाने, म्हणजे लिंबूसत्त्वाच्या पाण्याने, गरम इंजिनात थोडा वेळ फिरवून सोडवावा लागतो, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने भरपूर धुवावे लागते. ब्लॉकच्या खालच्या तोटीतून काही येत नसेल तर तिथे गाळ साचला आहे असे समजावे. अशा वेळी वेल्च प्लग काढून मागच्या सिलिंडरांभोवतीचा तांबडा चिखल सळईने खरवडण्यावाचून गत्यंतर नसते. हे काम घाणेरडे आणि किचकट असते, म्हणून ते कोणी सुचवत नाही. रेडिएटर बंद आहे का, हे बघायला तो उतरवण्याचीही गरज नाही. गाडी पुरती तापवून बंद करावी, पंखा थांबल्यावर कोअरवरून हात फिरवावा. जिथे पट्टे गार लागतात तिथल्या नळ्या बुजलेल्या. रेडिएटरवाला टाकी उघडून त्या सळईने मोकळ्या करतो.

गुलमंडीत बंद पडलेल्या प्रत्येक जीपला तापलेली म्हणणेही चूक आहे. पाणी ८५ वर, वाफेचा पत्ता नाही, आणि तरी इंजिन आचके देत बंद पडते. तिथे उकळते ते पेट्रोल. एग्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ अडकते आणि कार्बुरेटर रिकामा राहतो. जुन्या फियाट, ॲम्बेसेडर आणि जीप यांच्या चालकांनी पेट्रोल पंपावर ओला कपडा गुंडाळायची युक्ती यासाठीच शोधली आणि ती योग्य होती. गोंधळ झाला तो पुढे. तोच ओला कपडा लोक रेडिएटरच्या जाळीवर टाकू लागले आणि हवेची उरलीसुरली वाट त्यांनी बंद केली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असे. वाफ अडकण्यावरचा कायमचा उपाय म्हणजे नळी एग्झॉस्टपासून दूर नेणे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावणे.

इंजिनाने स्वतःच जास्त उष्णता तयार करण्याची कारणे थोडी आहेत. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, मागे फिरला असेल आणि ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल एग्झॉस्टच्या वाटेवर जळत राहते आणि ब्लॉक तापतो. पातळ मिश्रणानेही तेच होते. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यावर जुन्या जेटच्या कार्बुरेटरला मिश्रण आपोआपच पातळ मिळते, म्हणून जेट तपासणे आता गरजेचे झाले आहे. हेड गॅस्केट गेलेले असेल तर थंड इंजिन सुरू करताच, पाणी कोमट व्हायच्या आत, वरचा होज पाइप टणक होतो आणि उघड्या तोंडातून बुडबुडे येत राहतात. अशा गाडीला पंखा आणि थर्मोस्टॅट यांच्या चर्चेतून काहीही मिळायचे नाही. डिझेल बसवलेल्या जीपबद्दल एवढेच की डिझेल इंजिन आयडलवर पेट्रोलपेक्षा थंड चालते. ते गुलमंडीत उकळत असेल तर रेडिएटर बुजलेला आहे किंवा गॅस्केट गेले आहे, असे धरूनच पुढे जावे.

वेगळेपणाने बोलावे लागते ते हौशी जुळणीच्या बुटक्या स्पोर्ट्स गाड्यांबद्दल. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर फायबरग्लासच्या अंगाची, इसुझूचे १.८ लिटर इंजिन बसवलेली रोडस्टर बनवली. या घाटाच्या गाड्यांत दोन अडचणी जीपहून निराळ्या असतात. नाक अरुंद असते, पण त्याहून जास्त त्रास होतो तो तापलेली हवा बाहेर पडायला वाट नसल्याचा. पुढचे तोंड मोठे करून उपयोग नाही, बाजूच्या पत्र्याला खाचा हव्यात. दुसरी अडचण अशी की रेडिएटरचे तोंड इंजिनाच्या माथ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे पाणी भरताना हवा हेडमध्ये अडकते आणि काटा हवेचे तापमान दाखवतो. मलिक अंबरच्या नहरीचे पाणी याच शहरात खापरी नळांतून आले, तेव्हा वाटेत उभे केलेले बांधीव स्तंभ दाब आणि हवा मोकळी करायलाच होते. या गाडीलाही इंजिनाहून उंच अशी पाण्याची टाकी आणि हवा सोडायची तोटी लागते. नाक चढावर ठेवून, तोटी उघडी ठेवून, सावकाश पाणी भरावे.

जीपला मोठा रेडिएटर बसवण्याचा किंवा बॉनेटला खाचा पाडण्याचा सल्ला या सगळ्यानंतर विचारात घेण्यासारखा उरत नाही. मूळ रेडिएटर वाळवंटाला पुरला, तो स्वच्छ असेल तर गुलमंडीलाही पुरतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. (त्याच नियमांत व्यावसायिक वापराला मनाई असल्याने वरातीचे भाडे त्यात बसत नाही, हे मालकांना सहसा उशिरा कळते.) बॉनेटमधली खाच परत भरता येत नाही, बेल्टचा नट आवळायला मात्र एक पाना पुरतो.

एवढे करूनही भर गर्दीत काटा लालपर्यंत गेलाच, तर तिथेही प्रचलित रीत उलटी आहे. इंजिन लगेच बंद केले की पंप नि पंखा थांबतात आणि ब्लॉकमधली उष्णता पाण्याचे तापमान आणखी वर नेते. वाफ अजून फुटली नसेल तर गाडी बाजूला घेऊन, गिअर काढून, इंजिन थोडे फिरते ठेवावे. वाफ फुटली असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र ताबडतोब बंद करावे. बॉनेट उघडावे, झाकणाला हात लावू नये आणि शेजारच्या दुकानदाराने मदतीला आणलेली थंड पाण्याची बादली तापलेल्या इंजिनावर ओतू देऊ नये, बिडाला तडा जातो तो त्याच क्षणी. अर्ध्या तासाने जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब सुटू द्यावा आणि मगच काढावे. इंजिन सुरू करून, फिरते असताना, कोमट पाणी धारेने घालावे. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, थंड इंजिनावर, पाण्याची पातळी आणि ऑइलचा रंग बघावा. ऑइल दुधट दिसले तर गाडी चालवू नये, हेड उतरवून फेस करायला द्यावे.